वदोवा, विधवा आणि मी शहाणी

नवरा जाऊन एक दिवस झालेल्या बाईसमोर मी आनंदानं टाळी वाजवली होती. हसा खुशाल. मला मात्र अजून हसता येत नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. नवऱ्याच्या नोकरीसाठी रियाधला निघताना विमानतळावर आईनं बजावलं होतं, "पुस्तकं कमी ने, माणसं जोड." मी भाषाशास्त्राची एम.ए., माझ्या बॅगेत पुस्तकंच. सासूच्या तावडीतून सुटले म्हणून हरखले होते आणि तिथं जाऊन ‘सासू’ शब्दाचं मूळ उकरत बसले! आता पुण्यात मीच कुणाची तरी सासू आहे, आजी आहे. असो.

तिथल्या परदेशी लोकांच्या वसाहतीत, म्हणजे कंपाउंडमध्ये, शेजारी ओक्साना, युक्रेनची. सांगलीचा मिलिंद तिकडे इंजिनियरिंग शिकायला गेला आणि तिच्याशी लग्न करून मोकळा झाला. त्याच्या आईनं हिचं तोंड पाहिलं नाही. माझी मात्र चैन. चहा पाजून मी तिच्याकडून नात्यांचे शब्द काढून घ्यायची. आपला दीर तो त्यांचा ‘दीवेर’. सासू, म्हणजे संस्कृतातली श्वश्रू, ती ‘स्वेक्रूखा’. "बघ, हजारो वर्षांपूर्वी आपली चूल एकच होती!"

ती मिलिंदकडून शिकलेल्या मराठीत म्हणायची, "ताई, हे सासूबाईंना सांगा ना."

मिलिंद ऑफिसात खुर्चीतच गेला. ओक्साना आणि तिच्या लहान लेकीचा इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, त्याच्या नोकरीवर. आता तोही खलास. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले, तर ओक्साना स्वतःशीच पुटपुटत होती, "वदोवा... वदोवा..."

"अगं, विधवा! आपला एकच शब्द!" आणि टाळी.

जमलेल्या बायका माझ्याकडे बघतच राहिल्या. ओक्सानानं सांगलीला फोन लावून माझ्या हातात दिला. "एकच ना? मग सासूबाईंना विचारा. मिलिंदला घेऊन मला सांगलीला जायचंय. तिथंच राहायचंय, लेकीला घेऊन."

मी स्पीकर लावून विचारलं. पलीकडे म्हातारी हुंदके देत होती. "माझ्या पोराला पाठवा. नातीला पाठवा. त्या बाईला नको. कोण, कुठली, मला ठाऊक नाही."

भाषांतराची गरजच पडली नाही. ओक्सानानं पोरीला जवळ ओढलं आणि मला म्हणाली,

"ताई, आमच्याकडे सुनेला ‘नेवीस्तका’ म्हणतात. आजी सांगायची, जिला घरात कुणी ओळखत नाही, ती. हा शब्द तुम्ही मला कधी विचारला नाही."