डाव्या हाताची अक्का

माझा डावा हात सुधारावा म्हणून मला मावशीकडं धाडलं होतं. इतर मुली सुट्टीत मावशीकडं जातात त्या हुंदडायला. मी गेले ती दुरुस्तीला. सोलापुरात वडिलांचं भुसार दुकान. घरात कन्नड, शाळेत मराठी, आणि दोन्ही भाषांत दिवसभर एकच ऐकायचं: त्या हातानं नको. उजव्या हातानं लिहिलं की माझी अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडत. शेवटी वर्गाच्या बाईंनी वडिलांना बोलावून सांगितलं, की दुसऱ्या सत्रातही असंच अक्षर राहिलं तर पोरीला तिसरीतच ठेवावं लागेल. अभ्यास मला सगळा येत होता. तरी मी ढ. याचा मला इतका राग यायचा, की मी जेवतानाही कुणाशी बोलत नसे.

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, विजापूरकडच्या एका खेड्यात हेडमास्तर होते. डावरी पोरं उजवी करण्यात त्यांचा हातखंडा, अशी त्यांची कीर्ती. आमच्या शाळेला दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा तिकडच्या शाळांची सुट्टी दसऱ्यालाच संपून गेली होती. म्हणजे माझी सुट्टी आणि काकांची शाळा. वडिलांनी मला होटगी स्टेशनात नेऊन लहान रुळांच्या गाडीत ओळखीच्या बाईंशेजारी बसवलं आणि पिशवीत नवी पाटी ठेवली.

रोज दिवेलागणीच्या आधी काका जुन्या लुगड्याच्या पट्टीनं माझा डावा हात पाठीशी बांधत आणि उजव्या हातात पेन्सिल देत. बांधताना विचारत, आवळलं का गं? तो माणूस रागीट असता तर बरं झालं असतं. मला मनातल्या मनात त्यांना शिव्या तरी देता आल्या असत्या.

पण त्या खेड्यात एक नवल होतं. साल पंचाहत्तर. सोलापुरात तेव्हा टीव्ही म्हणजे मुंबई-पुण्याची गोष्ट. आणि इथं, जिथं दुपारची एसटी आली तर आली, तिथं शाळेत सरकारनं प्रयोग म्हणून टीव्ही ठेवलेला. छपरावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची भलीमोठी छत्री होती आणि चित्र थेट उपग्रहावरून यायचं. टीव्हीच्या पेटीची किल्ली काकांच्या खिशात. रोज सकाळी पोरं पाट्या मांडीवर घेऊन बसत, आणि पाहुणी म्हणून मी पहिल्या रांगेत.

कन्नडमधला मुलांचा कार्यक्रम असायचा. त्यात एक बाई येई. पोरं तिला अक्का म्हणत. तिच्याबरोबर कापडाचं एक कासव. ते कासव आमच्यासारखंच होतं: रुसायचं, घाबरायचं, लाज वाटली की मान आत घ्यायचं. अक्का त्याला कधी ओढून बाहेर काढत नसे. ती म्हणे, आत बसलास तरी चालेल, मी इथंच आहे. मग आमच्याकडं बघून विचारी, तुमच्या पोटात आज काय आहे? आणि सगळा वर्ग तिला उत्तर देई. राग हाय. भूक हाय. एकानं तर बैल मेल्याचं सांगितलं आणि रडला, आणि कुणी त्याला हसलं नाही. अक्काला ऐकू जातं याबद्दल आम्हा कुणालाच शंका नव्हती. तीही उत्तरापुरती थांबायची की.

माझ्या दुसऱ्या आठवड्यात अक्कानं फळ्यावर कासवाचे तीन चेहरे काढले, एक रडका, एक चिडका, एक हसरा, आणि खाली एकेक शब्द लिहिला. सगळं डाव्या हातानं. मी बघतच राहिले. टीव्हीत येण्याएवढी मोठी बाई, आणि खडू माझ्यासारखाच डाव्या हातात! मला कन्नड बोलता येई, वाचता येत नसे. तरी हसऱ्या चेहऱ्याखालची अक्षरं मी जशीच्या तशी पाटीवर उतरवून घेतली. अर्थातच डाव्या हातानं.

पोरांनी माझ्याकडं माना वळवल्या. पेटीच्या बाजूला उभे राहून पोरांवर लक्ष ठेवणाऱ्या काकांनी आत डोकावून पाहिलं आणि लगेच खुलासा केला, की हे यंत्र आरशावानी उलटं दाखवतं. बाई उजव्याच हातानं लिहितायत. त्यांना पेटी चालवण्याची छापील पुस्तिका मिळाली होती. त्यांच्यापुढं बोलणार कोण?

मी घरी जाईपर्यंत विचार करत होते. आमच्या दुकानासमोर केस कापायचं सलून होतं. तिथल्या आरशात आमच्या दुकानाची पाटी उलटी दिसे. ती वाचायचा खेळ मी किती वेळा खेळले होते. यंत्र आरशासारखं असेल तर अक्काची अक्षरंही उलटी हवीत. मी काही न सांगता मावशीपुढं पाटी धरली. ती भाकरी थापत होती. तिनं एकदाच पाहिलं आणि वाचलं, "खुशी. लई सुरेख काढलंस की गं. कन्नड लिहायला कुणी शिकवलं तुला?"

मी सगळं सांगितलं. मावशी हसली, मग हसायची थांबली. काका जेवायला बसले तेव्हा तिनं पाटी त्यांच्या ताटाशेजारी ठेवली.

"हे त्या टीव्हीतल्या बाईचं अक्षर. उलटं दिसतंय व्हय तुमाला?"

काकांनी पाटी वाचली. पोरीला डाव्या हातानं लिहू दिलं तर लोक काय म्हणतील, डावा हात कसला असतो, असं काहीतरी ते बोलू लागले.

मावशी म्हणाली, "रोज सकाळी पूजेला इष्टलिंग कुटल्या तळहातावर घेता तुमी?"

काका ते डाव्या तळहातावर घेत. आम्ही लिंगायत सगळेच घेतो. ते खाली मान घालून जेवले. त्या संध्याकाळी काकांनी पट्टी बाहेर काढली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. उरलेले दिवस मी पाटी भरभरून लिहिलं, कन्नड, मराठी, हिशेब, कासवं. माझी अक्षरं सरळ रांगेत बसू लागली, आणि मी इतकी बडबडू लागले की मावशीनं कानांवर हात ठेवले.

सुट्टी संपल्यावर काकांनी रजा काढली आणि मला पोचवायला स्वतः सोलापूरला आले. घरी चहा घेऊन ते वडिलांना म्हणाले, चला, शाळेत जाऊ. बाई वर्गातच होत्या. त्यांनी विचारलं, हात सुधारला का? मी वडिलांच्या मागं उभी होते. चौथीचा वर्ग पलीकडंच होता.

काका म्हणाले, "न्हाय बाई. सुधारायचं कायच नव्हतं. तिचं अक्षर तेवढं बघा." मग टोपी काढून हातात घेतली. "मी इतकी वर्षं पोरांचे हात बांधतोय. गाडीत बसून एकेकाचं तोंड आठवत आलो."

वडील त्यांच्याकडं बघत राहिले. बाईंनी फळा पुसला, मला पुढं बोलावलं आणि खडू दिला.

कुठल्या हातात घेऊ, हे मी विचारलं नाही.