गोजाबाईंच्या ओवीतला सिनेमा

आमच्या कुरुळीच्या बायकांनी तंबूतला सिनेमा पाहिला तो चोपन्न-पंचावन्न सालच्या सुमारास. पण त्यातली गोष्ट आम्हाला आधीच पाठ होती, आणि ती करणी गोजाबाईंची.

गोजाबाई आमच्या शेजारच्या. तरुणपणी त्या भावजयीच्या बाळंतपणाला पुण्यात राहिल्या होत्या. भाऊ थिएटरच्या दाराशी तिकिटं फाडायचा, त्यामुळे एकच बोलपट त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिला. आळ घेऊन घराबाहेर काढलेल्या सुनेची गोष्ट होती. तिनं बाईंना वेडच लावलं. गावी परतल्यावर पहाटे जात्यावर बसल्या की त्या तो सिनेमा ओव्यांतून म्हणायच्या. मी तेव्हा नवी नवरी, सासूच्या धाकातली. त्या ओव्या ऐकल्या की मला दळण हलकं वाटायचं. सून नदीत उडी घेते, नदी तिला परत पाठवते, आणि ती घरी येऊन सासूच्या मांडीवरचं आपलं मूल उचलते. इथं आम्ही सगळ्या रडायचो.

मग चाकणला तंबू लागला आणि नेमका तोच जुना बोलपट आला. बायकांनी तंबूत पाऊल टाकायचं नाही, असा गावचा रिवाज. पाटलांच्या शालनबाईंनी तो एका वाक्यात मोडला. "आपली सून हाय ती. तिला बघाया जायला कुनाला इचारायचं?"

गाड्या जुंपल्या. वाटेत सगळ्या ओव्या म्हणत होत्या, गोजाबाई तेवढ्या गप्प. मी विचारलं तेव्हा माझ्या कानाशी म्हणाल्या, "पोरी, सिनेमात ती बुडून मरती. परत आनली ती म्या. आता गावात तोंड कसं दावू?"

खेळ झाला. सून नदीत गेली, पाणी शांत झालं, पडद्यावर 'समाप्त' आलं, दिवे लागले. पुरुष उठून बाहेर पडू लागले. कुरुळीची एक बाई जागची हलली नाही.

"म्होरलं दावा," शालनबाई म्हणाल्या.

तंबूचे मालक उद्धवराव हात जोडत आले. "बाई, खेळ संपला."

"ती घरला कुठं आली? शेवटलं रीळ दडवलंत व्हय? आमी उठनार न्हाई."

उद्धवरावांनी रिळांचा डबा उपडा करून दाखवला. कोण विश्वास ठेवतंय! शेवटी गोजाबाई उभ्या राहिल्या.

"त्यांनी काई दडवलं न्हाई. सिनेमा हितंच सपतो. म्होरलं माझं हाय. ती मेलेली मला सोसंना."

शालनबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि पदर सावरून पुन्हा मांडी घातली.

"मग म्हन की. तिला पान्यात ठेवून आमी घरी जावं व्हय?"

गोजाबाई खाली बसल्या. जातं नव्हतं, तर हात सतरंजीवरच गोल फिरू लागला.

नदी म्हनिते, बाई, तुझा काई न्हाई गुन्हा,
जा गं माघारी, वाट बघतो तुझा तान्हा.

बाहेर गेलेले पुरुष कनात वर करून आत आले. सुनेनं मूल उचललं आणि सगळा तंबू टाळ्यांनी दणाणला. मी तर सासूसमोरच ढसाढसा रडले, आणि बघते तर सासूही डोळे पुसत होती.

उद्धवराव पक्का धंद्याचा माणूस. दुसऱ्या दिवसापासून गोजाबाईंना न्यायला रोज गाडी यायला लागली. तंबू चाकणहून हलेपर्यंत सून रोज नदीत जायची, यंत्र थांबायचं, आणि गोजाबाई तिला घरी आणायच्या. त्या ओवी संपवून उठल्या, की मगच पडद्यावर 'समाप्त' यायचं.