नवनगरच्या आश्रमाचं मागचं दार

माझ्या तपासणीची एक रीत आहे. आधी संडास, मग स्वयंपाकघर, मग कुणाच्या तरी कॉटवर जाऊन बसायचं, आणि कचेरीतला तो बिस्किटांचा चहा सगळ्यात शेवटी. कॉटवर बसलं की सगळं कळतं. चादर ओली आहे का, उशीला वास येतो का, घंटेचं बटण हाताला लागतं का. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढली, त्यातली शेवटची बारा मेट्रन म्हणून. मला कोण फसवणार? निवृत्त झाल्यावर वृद्धाश्रमांच्या तपासणीच्या समितीवर मला घेतलं, तेव्हा घरचे म्हणाले, बरं झालं, आता आमची तपासणी थांबेल. थांबली नाही, ते सोडा.

तर मागच्या वर्षी धारवाडच्या रस्त्यावरच्या नवनगरमधल्या एका आश्रमाची पाळी आली. आम्ही राहतो उणकलला, तलावाच्या अलीकडे नवी घरं झालीत तिथं, म्हणजे बसनं फार तर दहा मिनिटं. आश्रम चालवणारी बाई माझ्या ओळखीची निघाली. अळणावरकडच्या एका खेड्यातली, दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्या घरातली, आणि पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्याच वॉर्डात आया होती. आता तिला सगळे अक्का म्हणतात, तिच्या दुप्पट वयाचे म्हातारेसुद्धा. ओळखीची म्हणून मी सूट देईन असं तिला वाटलं नसणार. माझ्या हाताखाली काम केलेल्या कुणालाच तसं वाटत नाही.

खोटं कशाला बोलू, घर बघून मला फार समाधान वाटलं. संडास कोरडे, भिंतीला धरायचे दांडे बरोबर उंचीवर. औषधांच्या डब्यांवर प्रत्येकाचं नाव कानडीत आणि मराठीत. दात नसलेल्यांना भाकरी आमटीत कुस्करून, ऊन ऊन. अठरा म्हातारी माणसं होती आणि त्यांची भांडणं कानडीत सुरू होऊन मराठीत मिटायची, कधी उलटं. पंख्यावरून एक आज्जी आणि एक वकील अप्पा यांचं तर रोजचंच वाजायचं. भांडणारी म्हातारी माणसं दिसली की मी निर्धास्त होते. जिथं सगळे गप्प बसलेले असतात तिथं काहीतरी बिनसलेलं असतं.

मग मी बोळाच्या टोकाला गेले. तिथं एक लोखंडी कपाट उभं होतं, घोंगड्यांनी भरलेलं. कपाटामागं दार. दाराला कडी, कडीला कुलूप. किल्ली मागितली तर ती सापडायला पंधरा मिनिटं लागली. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. या घराचं स्वयंपाकघर पुढच्या दाराला अगदी लागून, आत दोन सिलिंडर. तिथं भडका उडाला तर पुढून कुणी बाहेर पडू शकत नाही, आणि मागून तर हे असं. वॉकर घेऊन चालणारे सहा जण होते. मी ओळखबिळख बाजूला ठेवली आणि लिहून टाकलं. महिन्याभरात दार मोकळं झालं पाहिजे, आणि सगळे त्या दारातून बाहेर पडताना आम्हाला दिसले पाहिजेत. नाही तर परवाना पुढं चालू राहणार नाही.

परवाना नाही म्हणजे घर बंद, आणि अठरा जणांनी गाशा गुंडाळायचा. अक्काचा चेहरा पडला. वकील अप्पा तिथंच होते. शहाऐंशी वर्षांचे, धारवाडच्या कोर्टात पन्नास वर्षं काळा कोट घातलेले. बायको गेलेली, मूलबाळ नाही, घर भाच्यानं केव्हाच विकलेलं. मी सहज विचारलं, तसंच झालं तर तुम्ही कुठं जाल? ते म्हणाले, कोर्टात, तिथं बसायला बाक आहेत. मी हसले. बसमध्ये बसल्यावर मात्र मला ते हसणं नको झालं.

पंधरा दिवसांनी मी एकटीच गेले, रंगीत तालीम घ्यायला. कोप्पीकर रोडवरच्या खेळाच्या सामानाच्या दुकानातून मुद्दाम एक शिट्टी घेतली होती. अक्कानं कपाट हलवलं होतं, कुलूप काढलं होतं, भिंतीवर लाल बाणसुद्धा रंगवून घेतला होता. मी सगळ्यांना समजावून सांगितलं. स्वयंपाकघरात आग लागली असं धरायचं, आणि शिट्टी वाजली की मागच्या दारानं अंगणात यायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी शिट्टी फुंकली. आणि काय सांगू, खाटेवरचे दोघे सोडले तर एकूण एक माणूस उठलं आणि पुढच्या दाराकडं निघालं. ज्या स्वयंपाकघरात आग लागलीय म्हणून सांगितलं, त्याच्याच समोरून, वॉकर खडखडवत!

अप्पा तेवढे उठले नाहीत. बोळात खुर्ची टाकून बसले होते, काठी मांडीवर आडवी.

"ना बरोदिल्ला," ते म्हणाले. मग माझ्यासाठी मराठीत, "जिवंतपणी मी त्या दारातून जाणार नाही."

माझा पारा चढला. मी त्यांना नको नको ते बोलले. हट्टी म्हणाले. तुमच्या एकट्यापायी सतरा जण रस्त्यावर येतील, असंही म्हणाले. शहाऐंशी वर्षांच्या माणसाला असं बोलायला नको होतं, हे बोलतानाच कळत होतं, पण माझी जीभ एकदा सुटली की सुटली. अक्कानं माझा हात धरला आणि मला स्वयंपाकघरात नेलं. पाटावर बसवलं, पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला.

मग तिनं सांगितलं. या घरात कुणी गेलं की त्याला मागच्या दारानं नेतात. गाडी मागच्या गल्लीत उभी करायची, बाकीच्यांना आपापल्या खोल्यांत बसवायचं, दारं ओढून घ्यायची, आणि गुपचूप न्यायचं. सगळं झाल्यावर कुलूप लावायचं आणि कपाट परत जागेवर. कुणाला काही दिसायला नको म्हणून. पण सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. कपाट सरकल्याचा आवाज आला की आज कोण, एवढंच विचारायचं उरतं. घरात बोलायची पद्धतच पडलीय, एखाद्याचं दुखणं वाढलं की म्हणतात, तो मागच्या दाराशी पोचला.

मी म्हणाले, असली भयंकर रीत घातली तरी कुणी?

ती शेगडीकडं बघत म्हणाली, "बाई, हे मी तुमच्या वॉर्डात शिकले."

खरं होतं ते. पडदे ओढा, व्हरांड्यातल्या रुग्णांना आत घ्या, ट्रॉलीच्या चाकांना तेल घाला, मागच्या जिन्यानं न्या. माझ्या वॉर्डात मेलेलं माणूस कुणाला दिसत नाही, हे मी मोठ्या फुशारकीनं सांगत आले होते. नव्या नर्सना शिकवत आले होते. दवाखान्यात ते ठीक असेलही, तिथं माणूस चार दिवसांपुरता येतो. इथं माणसं राहायला आली होती. ज्याच्याशी पाच वर्षं पंख्यावरून भांडलं त्याला हात जोडायचीसुद्धा सोय नव्हती. मला लाज वाटली, अगदी मनापासून. बाहेर येऊन मी अप्पांची माफी मागितली. ते म्हणाले, असू दे, तहकूब करा.

पुढचं डोकं अक्काचं. मला त्यातलं काही सुचलं नव्हतं. तिनं संध्याकाळचा चहा मागच्या अंगणात हलवला. चार वाजता दार सताड उघडायचं, बाहेर खुर्च्या मांडायच्या, आणि चहाबरोबर कधी कुरमुऱ्यांचं गिरमिट, कधी मिरची भजी. ज्याला हवं त्यानं तिथं यावं, आत काही मिळणार नाही. पहिल्या दिवशी दोघंच गेले म्हणे. पण कुरमुऱ्यांत कांदा आणि पुठाणी, म्हणजे डाळं, पडल्याचा वास धारवाडकडच्या माणसाला किती दिवस सोसणार? आठवड्यात अकरा झाले, मग चौदा. पंख्यावाली आज्जी तर साडेतीनलाच उंबऱ्याशी जाऊन बसायला लागली. अप्पा मात्र आपल्या खुर्चीतच, तत्त्वाला धरून, गिरमिटावाचून. अक्का मला फोनवर सगळं सांगायची, आणि मी रोज विचारायची, अप्पा? ती म्हणायची, इल्ला, अजून नाही.

महिना भरला. समितीतले दोघे आणि अग्निशमनचे एक साहेब असे आम्ही चौघं गेलो. इतकी वर्षं मी तपासायला गेले, पण एखादं घर पास व्हावं म्हणून मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं ते त्याच दिवशी. नियम साफ होता: एकूण एक माणूस त्या दारातून बाहेर दिसलं पाहिजे. शिट्टी वाजवायच्या आधी अप्पांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"एक अट आहे," ते म्हणाले. "मी मेल्यावर मला पुढच्या दारातून न्यायचं. दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत. आणि हे दार जिवंत माणसांना सोडायचं."

मी अक्काकडं बघितलं. तिनं मान हलवली. एवढ्यानं वकिलाचं थोडंच भागतंय? लिहून द्या, म्हणाले. मी माझ्या वहीतलं पान फाडून लिहिलं, फक्त तुम्हालाच नव्हे, इथून पुढं प्रत्येकाला. खाली मी सही केली, अक्कानंही केली. साहेब घड्याळ बघत उभे होते, त्यांना काही कळेना. अप्पांनी कागद दोनदा वाचला, एक स्वल्पविराम घालायला लावला, आणि घडी करून खिशात ठेवला.

मी शिट्टी फुंकली. सगळ्यांत आधी पंख्यावाली आज्जी, तिच्यामागं वॉकरवाले, मग खाटेवरच्या दोघांना चादरीत उचलून आया, आणि सगळ्यात शेवटी अप्पा, काठी टेकत. उंबऱ्याशी थांबले. मला वाटलं, आता बसतात की काय. पण ते चप्पल शोधत होते. मग उतरले अंगणात, आणि पहिला प्रश्न अक्काला, आज गिरमिट आहे की भजी? साहेबांनी अठरा मोजले आणि सही केली. मी तिथंच ढसाढसा रडले, समितीसमोर, तपासणीला गेलेली बाई! दुसऱ्या दिवसापासून अप्पांची खुर्ची बोळातून अंगणात गेली.

यंदा थंडी सरता सरता अप्पा गेले, झोपेतच. सकाळी अक्काचा फोन आला आणि मी मिळेल ती बस पकडली. पुढच्या दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या होत्या. कुणालाही खोलीत बसवलेलं नव्हतं. ज्यांना उभं राहवत होतं ते व्हरांड्यात दोन्ही बाजूंना उभे होते, बाकीचे खुर्च्यांवर. अप्पांना मधून नेलं. ज्यानं त्यानं हात जोडले, कुणी पायाला हात लावला. एकही माणूस घाबरलेलं मला दिसलं नाही. पंख्यावाली आज्जी पुढं झाली आणि बाजारला निघालेल्या माणसाला म्हणावं तसं म्हणाली, "होगि बर्री." जाऊन या.

मी दिवसभर तिथंच राहिले. चार वाजता अक्कानं चहा टाकला आणि मागचं दार उघडलं. आज नको, असं कुणीतरी म्हणेल असं मला वाटत होतं. पण सगळे उठले, एकेक करून अंगणात गेले आणि आपापल्या जागी बसले. मी दारातच उभी होते. अक्कानं अप्पांची खुर्ची माझ्यापुढं ओढली, आणि मी बसले.