जवाच्या पिठाची जागा

अगं दुकानवाली, तुझ्याबद्दलच लिहितेय, पण तिऱ्हाइताची गोष्ट असल्यासारखं. नाहीतर तू ओळीओळीत नाक खुपसशील.

तर एक होती किराणा दुकानवाली. दुपारी शटर अर्धं ओढून ती स्टुलावर बसे. फटीतलं ऊन बरण्यांवरून हळूहळू सरके, आणि डोळे मिटले की आख्खी गल्ली तिला फळ्यांवर दिसे. चहा भराभर संपतोय, म्हणजे शिंपिणीकडे पाहुणे. मीठ हलत नाही, म्हणजे मास्तरांचं ब्लडप्रेशर वाढलं. असं अर्ध्या झोपेत बघून ती उठे आणि काय मागवायचं ते ठरवे. माल कमी पडला नाही, उरलाही नाही.

जवाचं पीठ तेवढं सोडून. ते फक्त तिचा थोरला भाऊ न्यायचा. त्याच्या पोटाला दुसरं काही सोसत नसे. एकदा त्याच्या पुड्यात जाळी निघाली. चार गिऱ्हाइकांसमोर तो म्हणाला, "बहिणीकडेच शिळा माल मिळतो वाटतं."

"मग जा की दुसरीकडे."

तो गेला, पुन्हा पायरी चढला नाही. पीठ मात्र येत राहिलं.

"बाई, याला उठाव नाही," घाऊक व्यापारी म्हणे. "ती जागा बिस्किटांना द्या."

"बिस्किटं तुम्हीच खा."

दुपारच्या गुंगीत भाऊ यायचा. बरण्यांमागून, पावलांचा आवाज न करता, हात पुढे करून. जाग आली की ती मैत्रिणीला बोलवे. मैत्रीण त्याच्या शेजारीच राहायची.

"जाता जाता दादाला एवढा पुडा देशील? म्हणावं, ताजा आहे."

"आण इकडे."

दुकानवाली दोरा बांधे, पुडा नाकाशी धरे आणि परत फळीवर ठेवे. "थांब. गेल्या आठवड्याचा आहे. गुरुवारी नवा येतोय."

"पीठ मरू दे. तूच चल माझ्याबरोबर."

"रिकाम्या हातानं?"

असे कितीतरी गुरुवार गेले. मग एकदा पुडा आला तो खरंच ताजा, गिरणीची ऊब अजून त्यात. तिने मैत्रिणीला निरोप धाडला. मैत्रीण आली, पण तिने पिशवी पुढे केली नाही.

"दादाच्या दाराला कुलूप आहे, अगं. काल लेक येऊन घेऊन गेली त्याला. आता तिकडेच राहणार म्हणे."

दुकानवालीने पुडा तराजूशेजारी ठेवला, दोऱ्याची गाठ सारखी केली.

"लेकीचा पत्ता आण."

मैत्रीण पत्ता घेऊन आली, तोवर त्या पिठाला आठवडा झाला होता.