करकोच्याची पिल्लं

माझ्या जिभेला हाड नाही, हे जव्हारात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी फोनवर मी नातीची जी थट्टा केली, तेवढा मूर्खपणा मीसुद्धा आधी केला नव्हता.

लग्नानंतर नात हंगेरीतल्या एका लहानशा खेड्यात गेली. नातजावई तिथे कारखान्यात. पहिल्याच फोनला मी विचारलं, "तिथले पॉइंट कोणते गं?" पॉइंट नसलेलं गाव जव्हारच्या माणसाला गावच वाटत नाही. मी पोशेऱ्याहून नवी नवरी होऊन आले, तेव्हा हनुमान पॉइंटवर दरी बघत बसायचे. जशा काही पोशेऱ्याला दऱ्या नव्हत्याच! इकडे तव्यावर भाकरी करपायची आणि सासूबाई म्हणायच्या, "आल्या बघा पाहुण्या!" ती खुळी नवरी पुढे म्हातारी झाली, शहाणी काही झाली नाही.

मग नात फोन धरून मला हिंडवायची. पांढरं चर्च, सूर्यफुलांची शेतं, टेकडीच्या पोटात खणलेली दारूची तळघरं, शेजारच्या गावातली वज्रेश्वरीसारखी गरम पाण्याची कुंडं. मला मात्र विजेच्या खांबावरचं करकोच्याचं घरटं फार आवडायचं.

त्या दिवशी घरट्यातून इवल्या चोची वर आल्या. मी ओरडलेच, "अगं, पिल्लं! त्या बयेला झाली बघ. तुझं कधी गं? का तुलाही खांबावर चढवायला हवं?"

फोन घरट्याकडेच रोखलेला राहिला. वाऱ्यात ऐकू गेलं नसेल असं वाटून मी तेच पुन्हा म्हटलं, आणि माझीच मी हसत सुटले.

दुसऱ्या दिवशी नागली पाखडताना सुनेनं, म्हणजे तिच्या आईनं, सांगितलं. पोरीला दिवस गेले होते. ह्याच आठवड्यात पोट पडलं. आईलासुद्धा आत्ता कळलं, कारण तीन महिने भरेपर्यंत पोटातलं बोलायचं नसतं. हे तिला शिकवलं कोणी? मीच. हळद लावताना, कानात.

सूप तसंच ठेवून मी फोन लावायला सांगितला. पडद्यावर पुन्हा ते घरटं.

"आज काही दाखवू नको गं बाई. तुझं तोंड दाखव."

फोन वळला. डोळे सुजून लाल झाले होते.

"काल माझं थोबाड बंद करायचं होतंस," मी म्हटलं. "फोन तरी ठेवायचास."

ती म्हणाली, "आजी, तू इतकी हसत होतीस ना. घरचं कोणीतरी हसतंय, एवढंच ऐकायचं होतं मला. म्हणून फोन घरट्याकडेच धरून ठेवला."