बोलक्या रजईची नेमणूक

निम्मे कपडे दोरीवर, निम्मे बादलीत आणि दोन चिमटे दातांत, अशा थाटात वहिनी अंगणात उभी होती. हात कपड्यांवर, कान मात्र खिडकीकडे. आतून आवाज येत होता, कर्र, कर्र, कर्र. जोडीला घर्र, घर्र. म्हणजे मामंजी रजईखाली आहेत आणि गाढ झोपलेत. वहिनीने समाधानाने नवऱ्याचा शर्ट पिळला.

अख्खी गल्ली तिला वहिनीच म्हणायची. नवी वस्तू विकत घेणं तिच्या जिवावर येई. देवाने जगात टाकाऊ काही घडवलेलंच नाही, आपल्याला त्याची जागा सापडत नाही एवढंच, असं ती ठाम मानायची. तिच्या घरात गळकी किटली कुंड्यांना पाणी घालत होती. बंद पडलेलं घड्याळ न्हाणीघरात टांगलं होतं, त्यामुळे नवऱ्याला आंघोळ करताना कधी उशीर झालाय असं वाटत नसे. ते ऑफिसात गेल्यावर वाटे.

नवरा नेमका उलटा. त्याला प्रत्येक वस्तू खोक्यातली, कोरी, हमीपत्रासकट लागे. गेल्या उन्हाळ्यात आणलेल्या टेबलफॅनचं हमीपत्र त्याने लग्नाच्या दाखल्याला टाचून ठेवलं होतं. "दोन्हींपैकी एकाची तरी मुदत कळते," असं म्हणायचा.

वहिनीने ही रजई जुन्या बाजारातून आणली. जाडजूड, ऊबदार, एक डाग नाही. बाजाराच्या गोंगाटात तिचा खरा गुण कळलाच नाही. घरी नवऱ्याने ती पांघरून कूस बदलली मात्र, पलीकडच्या खोलीतून सासूबाई ओरडल्या, "बिस्किटं एकटाच खातोस होय रे?"

टाका उसवून पाहिलं, तर कापसाच्या दोन थरांमध्ये कुणा धोरणी माणसाने प्लॅस्टिकच्या पिशव्या ठासल्या होत्या.

"काढून टाकूया का?" वहिनी म्हणाली.

"काढ की. मग चादर उरेल!" नवरा म्हणाला. "हे बघ, रविवारपर्यंत हिला काम शोध. नाही मिळालं तर ही परत, आणि तुझा जुना बाजारही कायमचा बंद."

वहिनीचं तोंड एवढंसं झालं. जुना बाजार म्हणजे तिचं दुसरं माहेर.

पण देवाला काळजी. दुसऱ्याच दिवशी मामंजींच्या कमरेत उसण भरली. कोपऱ्यावर त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं ते मामंजींनी ऐकलं, म्हणजे नुसतंच ऐकलं. जरा पाठ वळली की स्वारी दुकानात. तेव्हा वहिनीने त्यांच्या अंगावर ती रजई घातली. मामंजी हलले की कर्र. उठले की जोरात कर्र-कर्र, आणि मग एकदम शांतता. शांतता झाली की वहिनी दारात हजर.

"मामंजी, कुठे निघालात?"

"पाणी प्यायला, सूनबाई."

"चपला घालून?"

चार दिवस मामंजी जागचे हलले नाहीत. आज शनिवार. उद्या नवऱ्यासमोर रजईचा विजय जाहीर करायचा, असं मनाशी घोळवत वहिनीने पुढचा कपडा झटकला, आणि वीज गेली.

शेजारचा रेडिओ गप्प झाला. कर्र-कर्र थांबलं. घर्र-घर्रही थांबलं.

हलणं थांबलं तर समजू, पण घोरणंही? "देवा रे!" म्हणत वहिनी ओल्या हातांनी आत धावली. रजई निपचित पडली होती. तिने एक कोपरा उचलला.

खाली दोन उशा. रजईच्या दुसऱ्या कोपऱ्याला बुटाची नाडी बांधलेली, आणि नाडीचं टोक टेबलफॅनच्या मानेला. पंखा डावीउजवीकडे मान फिरवी, नाडी ओढली जाई, रजई कर्र करी. आणि ऐन थंडीत घर्र-घर्र करत होता तो पंखाच. मामंजींच्या घोरण्यात आणि त्याच्यात तसाही फार फरक नव्हता.

दुकानात मामंजी एका चाकावर वाकलेले सापडले.

"मामंजी!"

"ओरडू नकोस, सूनबाई. ताठ होता येत नाहीये."

तशाच वाकलेल्या अवस्थेत त्यांना गिऱ्हाइकाच्या सायकलवर मागे बसवून वहिनीने सायकल ढकलत घरी आणली. मामंजी आज फारच वाकून नमस्कार करताहेत असं वाटून वाटेत दोघांनी त्यांना उलट नमस्कार केला.

नवरा दारातच उभा होता, एका बुटाला नाडी आणि एका बुटाला नाही. "झालं! रजई नापास. उद्या परत."

वहिनीचे डोळे भरून आले.

"थांब रे," सासूबाई म्हणाल्या. "रजईचं काय चुकलं? हलवलं की बोलायचं, हे तिचं काम. ती बोलली. फितूर झाला तो तुझा पंखा."

"आई, तो नवा आहे!"

"म्हणूनच. जुनं माणूस असतं तर असं वागलं नसतं. बघ तुझ्या हमीपत्रात, म्हाताऱ्याला पळून जायला मदत करणार नाही असं लिहिलंय का?"

तसं लिहिलेलं नव्हतं. नवऱ्याने पंखा उचलून कपाटावर ठेवला.

"म्हणजे रजई राहिली?" वहिनीने हळूच विचारलं.

"राहिली. आणि तुझा बाजारही," सासूबाई म्हणाल्या.

"पण युक्ती झकास होती की नाही?" मामंजी रजईखालून म्हणाले. कर्र.

"पडून राहा!" तिघंही एकदम ओरडले.

वहिनीने नाडी सोडवून नवऱ्याच्या हातात दिली. उरलेले कपडे दोरीवर टाकले, बादली पालथी घातली आणि मामंजींच्या कमरेला लावायचं मलम आणायला ती औषधांच्या दुकानात गेली.