रंभाजींचा आवाज

तिसगावात रंभाजींचा चेहरा न ओळखणारा एखादा सापडला असता, पण आवाज न ओळखणारा शोधूनही मिळाला नसता. भाड्याच्या जीपवर भोंगा बांधायचा आणि माईक हातात घेऊन गल्लोगल्ली फिरायचं, हा त्यांचा धंदा. जनावरांचा बाजार, पोलिओचा डोस, तंबूतला सिनेमा, हरवलेलं पोर, सगळं गावाला त्यांच्या तोंडून कळायचं. मयतीचा पुकारा मात्र ते जीप थांबवून, खाली उतरून, उभ्यानं करायचे.

हा धंदा धरला तेव्हा त्यांची आई, भामाबाई, चिडली होती. "तुझ्या आज्यानं वतनाची दवंडी पिटली. छप्पन साली दीक्षा घेतली तवा आपुन ते समदं सोडलं. आन् तू परत गावाला हाका मारीत फिरनार व्हय?"

"तवा हुकूम हुता, आई. आता धंदा हाय. न्हाई म्हनायचं तर म्हनता येतं."

आणि ते म्हणतही. निवडणुकीत एकमेकांना घालायच्या शिव्या त्यांनी कधी भोंग्यातून जाऊ दिल्या नाहीत, मग पुढारी केवढाही मोठा असो.

अशा माणसाच्या नेमक्या घशात गाठ निघाली. तोंडात दिवसभर तंबाखूचा बार भरून फिरणारे ठणठणीत, आणि जन्मात सुपारीचं खांड न चघळलेल्या रंभाजींना पुण्याचे डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. याचा राग कुणावर काढायचा, हेही गावाला कळेना.

मुलगी दीपा पाथर्डीला कॉम्प्युटर शिकून आली होती. पुढच्या खोलीत जुना कॉम्प्युटर मांडून लग्नपत्रिका, अर्ज टाइप करून द्यायची. ऑपरेशनच्या आधी तिनं वडिलांपुढे माईक ठेवला. "अण्णा, बोला. आत साठवून ठेवते." हजारोंच्या बाजारात न चाचरलेले रंभाजी त्या डब्यापुढे चाचरले. दोन-तीन पुकारे कसेबसे झाले. तेवढ्यात आतून भामाबाईंनी रोजच्यासारखं विचारलं, "रंभा, च्या घेतला का?"

"घेतला, आई. तू घे," रंभाजी म्हणाले, आणि तेही आत साठलं.

काचबिंदूनं भामाबाईंची नजर कधीच गेली होती. मुलगा त्यांना दोनच गोष्टींनी ठाऊक, आवाजानं आणि चेहऱ्यावरून फिरवलेल्या हातानं. ऑपरेशन करून रंभाजी आले ते गळ्याला भोक घेऊन. श्वास आता तिथूनच चालायचा. ते भोक त्यांनी उपरण्याखाली झाकलं आणि आईचा हात हनुवटीच्या खाली म्हणून येऊ दिला नाही. आवाज कायमचा गेला, हे आईला सांगायचा धीर कुणालाच झाला नाही. "डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय, संध्याकाळी एखादा शब्द फक्त," असं दीपानं ठोकून दिलं. मग रोज संध्याकाळी रंभाजी आईचा हात धरून शेजारी बसत, आई चहाचं विचारी, आणि पुढच्या खोलीत दीपा क्लिक करी. "घेतला, आई. तू घे." म्हातारी कप तोंडाला लावायची.

दिवाळीला दीपाचा आतेभाऊ चेतन पुण्याहून आला. "ताई, अजून विंडोज पंच्याण्णव? हे घे अठ्ठ्याण्णव," म्हणून त्यानं सीडी घातली. करायला गेला गणपती, झाला मारुती. पडदा चकाचक झाला, पण स्पीकर मुका. आवाजाचं जुनं कार्ड नव्या विंडोजशी जुळेना. नगरहून आलेला मेकॅनिक म्हणाला, "फॉरमॅट मारू. जुनंच परत टाकून देतो."

"आणि आतलं?"

"आतलं सगळं पुसलं जाणार, ताई."

उतरवून घ्यावं तर कॉम्प्युटरची फ्लॉपीची खाच कधीचीच बंद पडली होती. तिनं मेकॅनिकला हात जोडून परत पाठवलं. संध्याकाळी आतून प्रश्न आला, उत्तर गेलं नाही. चहावर साय धरली. दुसऱ्या दिवशीही तेच. "तो घेईल तवा घेते," एवढंच म्हातारी म्हणाली.

दीपानं एसटीडी बूथवरून आपल्या कोर्सच्या राधाकृष्ण सरांना फोन लावला. सरांनी विचारलं, "नवं टाकताना जुनी सिस्टीम जपून ठेवू का, असं ते विचारतं. काय दाबलं होतं?"

शेजारी उभा चेतन ओशाळला. "मी वाचलंच नाही. सगळीकडे 'हो' दाबत गेलो."

त्याचा आळस असा कामाला आला. सर म्हणाले, "मग कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन अठ्ठ्याण्णव काढून टाक. जुनं आपोआप जागेवर येईल, तुझ्या फाइलींना धक्का लागणार नाही. फक्त मध्येच लाइट जाता कामा नये. गेली तर धड हे नाही आणि धड तेही नाही."

तिसगावात विजेचा भरवसा रुसक्या जावयाइतका. दीपा वडिलांपुढे येऊन बसली. "अण्णा, आवाज तुमचा आहे. हात नाही लावला तर निदान आत तरी राहील."

रंभाजींना आईचा भरलेला कप दिसत होता. त्यांनी पाटीवर लिहिलं, "आई च्या घेत नाही. कर."

बाजाराच्या दिवशी गिरण्या चालतात म्हणून सकाळी सहसा लाइट जात नाही. वायरमन काकासाहेबांनी तसा शब्दही दिला. दीपानं काम सुरू केलं. निळी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली. मध्येच बल्ब मंदावला, पंख्याची गती पडली. रंभाजींनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. बल्ब पुन्हा उजळला. पडदा काळा झाला, बराच वेळ काळाच राहिला, आणि मग जुनं ढगांचं चित्र वर आलं. दीपा रडायलाच लागली.

आतून भामाबाईंनी विचारलं, "रंभा, च्या घेतला का?"

दीपानं डोळे पुसत क्लिक केलं.

"घेतला, आई. तू घे."

रंभाजी आत गेले. आई चहा पीत होती. ते शेजारी बसले तशी तिनं कप खाली ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आवाज त्या टेबलाकडनं येतो, आन् तू बसतोस हितं. मी आंधळी हाय रं, बहिरी न्हाई."

दारातून दीपानं विचारलं, "मग आज्जी, चहा का सोडला होतास?"

"घेतला असता तर तुमी ते यंत्र तसंच मुकं ठिवलं असतं. आवाज आला की माज्या हातातला ह्याचा हात सैल व्हायचा. मला कळायचं ते."

रंभाजींनी उपरणं काढलं. आईची बोटं धरून त्यांनी गळ्याच्या भोकावर नेली. भामाबाईंनी ती बराच वेळ तिथून हलवली नाहीत.

"हितनं वारा येतोय की," त्या म्हणाल्या. "मग झालं."